टाळेबंदीतली हवा: दिल्लीची, मुंबईची आणि आमच्या आमोण्याची

एप्रिल २०२०च्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो फिरत होता. तुम्हालाही नक्की आला असेल. पंजाबातल्या जालंधर शहरात कुणीतरी गच्चीवर गेलं आणि समोर बर्फाने झाकलेली धौलाधारची रांग दिसली. शंभराहून अधिक किलोमीटरवरचे डोंगर! तिथल्या तिशीतल्या माणसांनी ते घरातून कधी पाहिलेच नव्हते. त्याच दिवसांत व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आल्याच्या बातम्याही फिरल्या, त्या खोट्या निघाल्या. धौलाधार मात्र खरे होते.

आमच्या डिचोली तालुक्यातून असा एकही फोटो कुणी पाठवला नाही. त्याचं कारण साधं आहे. २५ मार्च २०२०ला देश बंद झाला तेव्हा आमच्याकडे बंद व्हायला फारसं काही उरलंच नव्हतं. खाणी १६ मार्च २०१८पासून बंद होत्या. त्याआधी २०१२मध्येही एकदा बंद झाल्या होत्या. देशाने २०२०मध्ये पहिल्यांदा जे पाहिलं, म्हणजे धंदा थांबला की धूळ खाली बसते आणि तिच्याबरोबर घरचं उत्पन्नही, ते आमच्या भागाने तोवर दोनदा पाहून झालं होतं. म्हणून टाळेबंदी आणि हवा या विषयावर लिहायचं तर मला ते आमोण्यापासून सुटं करून लिहिता येत नाही.

आमोणे कुठे आहे हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. डिचोली तालुक्यात, मांडवीच्या काठावर, बेताळाच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेलं गाव. गावात कच्च्या लोखंडाचा मोठा कारखाना आहे, पलीकडे सुर्ला, वेळगे, पाळी हा खाणींचा पट्टा आणि नदीत बार्जी. मी नोकरीला पुण्यात. त्या वर्षी शिगम्याला घरी आले आणि सप्टेंबरपर्यंत आमोण्यातूनच काम केलं. मिरवणुका रद्द, पहिले काही दिवस किराण्याची दुकानंसुद्धा बंद, आणि लॅपटॉपवर दुपारी दोन मिनिटं मोकळी मिळाली की मी दिल्ली-मुंबईच्या हवेचे आकडे बघत बसायची. आमचं कामच आलेख बघायचं, त्यामुळे ही सवय जात नाही.

आधी शहरांचं बघू.

युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-५पी नावाचा उपग्रह रोज पृथ्वीवरून फिरतो आणि हवेच्या अख्ख्या थरात किती नायट्रोजन डायऑक्साइड आहे ते मोजतो. हा वायू मुख्यतः इंजिनांतून आणि वीजकेंद्रांतून येतो आणि हवेत काही तासच टिकतो. त्यामुळे गाड्या थांबल्या की एक-दोन दिवसांत नकाशावरचा लाल डाग फिकट होतो. एप्रिल २०२०मध्ये या संस्थेने सांगितलं की मुंबई आणि दिल्लीवरचं या वायूचं प्रमाण आदल्या वर्षीच्या त्याच दिवसांच्या तुलनेत सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी उतरलं आहे. नासाने उत्तर भारतावरच्या तरंगत्या कणांचं प्रमाण त्या ऋतूतलं वीस वर्षांतलं सर्वांत कमी असल्याचं सांगितलं. पण त्याच निवेदनात एक ओळ होती जी फारशी कुणी पुढे पाठवली नाही: दक्षिण भारतात कण तितके कमी झाले नव्हते, उलट आधीच्या चार वर्षांपेक्षा किंचित जास्तच दिसत होते.

जमिनीवरच्या यंत्रांचा हिशोबही असाच मिश्र आहे. देशातल्या २२ शहरांचा एक अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. १६ मार्च ते १४ एप्रिल हा काळ घेऊन त्यांनी २०१७ ते २०२० अशी चार वर्षं शेजारी ठेवली. पीएम २.५ सुमारे ४३ टक्क्यांनी कमी, पीएम १० सुमारे ३१ टक्क्यांनी, नायट्रोजन डायऑक्साइड १८ टक्क्यांनी, कार्बन मोनॉक्साइड १० टक्क्यांनी. सल्फर डायऑक्साइड जवळपास तसाच. आणि ओझोन १७ टक्क्यांनी वाढलेला!

सल्फर डायऑक्साइडचं कोडं लगेच सुटतं. तो कोळशावरच्या वीजकेंद्रांतून येतो आणि वीज टाळेबंदीतही लागतच होती. ओझोनचं कोडं जास्त मजेदार आहे. जमिनीजवळचा ओझोन धुराड्यातून येत नाही, तो उन्हात इतर वायूंपासून तयार होतो. शहरात गाड्यांमधून सतत निघणारा नायट्रिक ऑक्साइड हा ओझोनला खात असतो. गाड्या थांबल्या, खाणारा गेला, ओझोन वाढला. मांजर घरी नाही म्हटल्यावर उंदीर माजावेत तसं. शिवाय एप्रिलचं ऊन आणि धुळीचा पडदा विरळ झालेला. म्हणजे 'सगळं बंद केलं की सगळी हवा शुद्ध' हे सरळ गणित रसायनशास्त्राला मान्य नाही.

आता पावसाची गोष्ट. मार्च २०२० हा दिल्लीचा विक्रमी पावसाचा मार्च होता, महिन्याभरात शंभर मिलिमीटरहून जास्त. पावसाने हवा धुतली जाते हे कुणालाही कळतं. मग टाळेबंदीचं श्रेय किती आणि पावसाचं किती? हा प्रश्न आमच्या धंद्यातला आहे म्हणून मला आवडतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी जगातली ११ शहरं घेतली, त्यात दिल्लीही होती. त्यांनी संगणकाला आधीच्या वर्षांचं हवामान आणि प्रदूषण दोन्ही शिकवलं: वारा असा, तापमान इतकं, वार अमुक असेल तर नायट्रोजन डायऑक्साइड साधारण किती असतो. मग हवामानाचा वाटा काढून टाकून उरलेला फरक मोजला. जानेवारी २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाचं शीर्षकच सांगतं की बदल अचानक झाला, पण अपेक्षेपेक्षा लहान होता. लंडन आणि पॅरिसमध्ये तर पीएम २.५ वाढलेलं आढळलं, कारण तिथे बाहेरून वाहून आलेले कण होते.

म्हणजे धौलाधार दिसले हे खरं, पण त्या फोटोत पावसाचाही हात होता. आणि नोव्हेंबर २०२०मध्ये, दिवाळीच्या सुमारास, दिल्लीची हवा पुन्हा 'गंभीर' वर्गात गेली होती. जेमतेम सात महिन्यांत.

पीएम २.५ निम्म्यावरही का आलं नाही, हे कळायला मला आमोण्याच्या घराबाहेर जावं लागलं नाही. न्हाणीघरात भाण तापवायला नारळाची सोडणं आणि झावळ्या पेटतच होत्या. एप्रिल म्हणजे काजूचा हंगाम. डोंगरावर बोंडू गोळा करायला सोपं जावं म्हणून पालापाचोळा जाळतात, तोही जळतच होता. देशभरातल्या चुली, कचऱ्याच्या आगी, वीटभट्ट्यांची आणि वीजकेंद्रांची राख, यातलं बरंच काही टाळेबंदीला जुमानत नव्हतं. गाडी हा हवेचा एकटा शत्रू असता तर काम किती सोपं झालं असतं.

आता आमच्या धुळीकडे येते.

पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. हे सगळे लेखांत येतं. पण मला जे कळायला वेळ लागला ते असं, की कण किती मोठा आहे यावर तो कुणाचा प्रश्न आहे हे ठरतं. एक ढोबळ हिशोब मांडते. ट्रकच्या चाकाने रस्त्यावरून दोन मीटर उंच उडालेला कण आणि दोन मीटर प्रतिसेकंद असा मंद वारा धरा. पन्नास मायक्रॉनचा कण अर्ध्या मिनिटात, पन्नासेक मीटरवर खाली बसतो. दहा मायक्रॉनचा कण सेकंदाला जेमतेम तीन मिलिमीटर उतरतो, म्हणजे खाली यायला अकरा मिनिटं, तोवर तो सव्वा किलोमीटर गेलेला. अडीच मायक्रॉनच्या कणाला जवळपास तीन तास लागतात आणि तो वीस किलोमीटर पलीकडे पोचतो. प्रत्यक्षात वाऱ्यात भोवरे असतात, झाडं मध्ये येतात, तेव्हा हे आकडे कुणी घोकू नयेत. पण प्रमाण हेच राहतं.

त्यामुळे दिल्लीचा धूर हा अख्ख्या गंगेच्या मैदानाचा प्रश्न आहे, पंजाबात पेटलं तर दिल्लीत दिसतं. खाणीची तांबडी धूळ बरीचशी जाड. ती रस्त्याकडेच्या घरांचा प्रश्न आहे. आमच्या भागातल्या बाया कपडे कुठल्या बाजूला वाळत घालायचे हे ट्रकचा रस्ता बघून ठरवायच्या. रस्त्याला लागून असलेल्या घरात पोह्याचे पापड वाळवणं शक्य नसायचं आणि दोनशे पावलं आत असलेल्या आमच्या आत्याकडे सगळ्या वाड्यावरचे पापड जायचे. जी सरासरी पंचक्रोशीसाठी काढली जाते तिच्यात ही दोनशे पावलं दिसत नाहीत. उपग्रहाला तर नाहीच नाही. सेंटिनेल-५पीचा एक ठिपका म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर लांब आणि साडेतीन किलोमीटर रुंद जमीन. आमोणे आणि आजूबाजूची दोन-तीन गावं एकाच ठिपक्यात बसतात.

ही धूळ किती होती याची कल्पना ट्रकच्या खेपांवरून येते. २०१०-११ या वर्षी गोव्यातल्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज निर्यात झालं. त्यातलं काही कर्नाटकातलं, काही माल रस्त्यावर न येता गेलेला. अर्धा माल दहाटनी ट्रकने सार्वजनिक रस्त्यांवरून गेला असं जरी धरलं, तरी पंचवीस लाख खेपा. हंगाम पावसाळा सोडून आठ महिन्यांचा. म्हणजे दिवसाला दहा हजार खेपा, आणि तितक्याच रिकाम्या परतीच्या. हा माझा अंदाज आहे, पण त्या वर्षांत उसगाव, सांखळी, होंडा या भागातून ज्यांनी दुचाकी चालवली आहे त्यांना तो फुगवलेला वाटणार नाही. ट्रकच्या धुरापेक्षा ट्रकने सांडलेला माल जास्त त्रास द्यायचा. सांडलेलं खनिज मागच्या ट्रकच्या चाकाखाली दळलं जायचं आणि त्याच्या मागचा ट्रक ते पीठ उडवायचा. रस्ता हीच गिरणी.

मग सप्टेंबर २०१२ आला. न्यायमूर्ती शहा आयोगाचा गोव्यातल्या बेकायदा खाणकामावरचा अहवाल संसदेत मांडला गेला, १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ केंद्राने पर्यावरण परवाने स्थगित केले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पावसाळ्यानंतर ट्रक सुरू व्हायचे ते झालेच नाहीत. त्या वर्षी दिवाळीत मी कॉलेजातून घरी आले तेव्हा काजूची पानं हिरवी होती. नोव्हेंबरात काजूची पानं तांबडी नसतात हे मला नवीन होतं.

त्याच दिवाळीत शेजारच्या काकांच्या अंगणात तीन ट्रक उभे होते, ताडपत्री घालून. तिन्ही कर्जावर घेतलेले. काकांनी त्या वर्षी आकाशकंदील लावला नाही. दुसऱ्या वर्षी त्यातल्या एका ट्रकच्या हौद्यात तुळशीएवढं गवत उगवलं होतं. असे ट्रक त्या काळी आमच्या भागात दर चार घरांमागे एक दिसत. पुढे सरकारला ट्रक आणि बार्ज मालकांसाठी कर्जमुक्तीची योजना आणावी लागली. काकूंचा जुना खोकला त्या हिवाळ्यात पहिल्यांदा उठला नाही, असं त्या स्वतः सांगायच्या, आणि मग लगेच गप्प व्हायच्या. नवऱ्यासमोर ते बोलणं बरं दिसत नसे.

२१ एप्रिल २०१४ला न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, २०१५पासून ट्रक परत आले. एप्रिल २०१७मध्ये शेजारच्या सत्तरी तालुक्यातल्या सोनशी गावच्या लोकांनी धुळीला कंटाळून ट्रक अडवले. चाळीसहून जास्त गावकऱ्यांना अटक झाली, त्यांत कितीतरी बाया होत्या. मग ७ फेब्रुवारी २०१८चा निकाल: ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द, १६ मार्चपासून काम बंद. पुन्हा हिरवी पानं, पुन्हा ताडपत्र्या. जानेवारी २०२०च्या अखेरीस न्यायालयाने आधी काढून ठेवलेला, रॉयल्टी भरलेला माल उचलायला सहा महिन्यांची मुभा दिली. माणसं जुन्या ट्रकांना तेलपाणी करत होती, तेवढ्यात करोना आला.

काका म्हणाले होते, "दिल्लीवाल्यांना एकवीस दिवसांचं कसलं कौतुक!"

टाळेबंदीत आमच्याकडे काय बदललं मग? आवाज कमी झाला. दुचाक्या, बसगाड्या, पर्यटकांची ये-जा थांबली. पण मोठे स्रोत एकतर आधीच बंद होते किंवा थांबवता येण्याजोगे नव्हते. झोतभट्टी हा मिक्सर नव्हे, बटण दाबून बंद करायला. आतलं लोखंड थंड होऊन थिजलं तर भट्टीच निकामी होण्याची भीती असते. म्हणूनच २४ मार्चच्या केंद्राच्या आदेशातही अखंड प्रक्रियेच्या उद्योगांना राज्याच्या परवानगीने चालू राहण्याची सोय ठेवली होती. बंदरंही चालूच होती, तेव्हा मुरगावात कोळसा उतरण्याला वास्कोतल्या लोकांचा जो विरोध आहे, त्या प्रश्नालाही टाळेबंदीने सुट्टी दिली नाही. टाळेबंदीत सगळं थांबलं, हा समज शहरातल्या खिडकीतून बघणाऱ्यांचा आहे.

इथे मोजमापाबद्दल थोडं सांगायला हवं. मोबाइलवर आपण जो एक्यूआय बघतो तो बहुतेक स्वयंचलित यंत्रांवरून येतो, जी तासातासाला आकडा देतात. हा निर्देशांक देशात २०१५मध्ये सुरू झाला. आठ प्रदूषकांचे वेगवेगळे उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला जो सर्वांत वाईट तोच शहराचा आकडा. ही सरासरी नव्हे, हे लक्षात ठेवलं तर बरेच गोंधळ टळतात. दिल्ली, मुंबई, पुणे इथे अशी यंत्रं बरीच आहेत, म्हणून टाळेबंदीचे आलेख त्या शहरांचे निघाले.

राष्ट्रीय वायू निरीक्षण कार्यक्रमाच्या यादीत आमोणेही आहे, डिचोली, होंडा, उसगाव, अस्नोडा, तुये यांच्याबरोबर. या कार्यक्रमातली पद्धत जुनी आणि माणसाच्या हातची: पंप लावायचा, गाळणकागदातून चोवीस तास हवा ओढायची, कागदाचं वजन करायचं. आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ नोंदी. पद्धत चांगली आहे, वजन खोटं बोलत नाही. पण दोन दिवसांच्या नोंदीतून पाच दिवसांचा अंदाज बांधावा लागतो, आणि चोवीस तासांच्या एका आकड्यात सकाळी आठ ते बाराच्या ट्रकांची धूळ आणि रात्रीची शांतता एकत्र होऊन जाते. भारताची पीएम १०ची मर्यादा चोवीस तासांना १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. सकाळचे चार तास ३०० आणि उरलेले वीस तास ५० असतील तर दिवसाची सरासरी ९२ निघते. कागदावर दिवस पास. शाळेत चालत जाणाऱ्या मुलाचा मात्र त्यातला तीनशेचाच तास असतो.

तरीही मला वाटतं की आमच्या भागाकडे जे आहे ते दिल्लीकडे नाही. दिल्लीला एक टाळेबंदी मिळाली, तीही पावसात मिसळलेली, काही आठवड्यांची. आमच्याकडे २०१२ ते २०१५ बंद, मग चालू, मग २०१८पासून वर्षानुवर्षं बंद. चालू-बंद-चालू-बंद. प्रयोगशाळेत मुद्दाम करायला गेलं तर कुणी परवानगी देणार नाही, असा हा प्रयोग आहे.

असाच एक प्रयोग अमेरिकेत झाला होता आणि त्याने जगाचे नियम बदलायला हातभार लावला. युटा राज्यात डोंगरांनी वेढलेली एक दरी आहे, तिथे पोलादाचा मोठा कारखाना होता. ऑगस्ट १९८६मध्ये कामगार-मालक वादातून तो बंद पडला आणि सप्टेंबर १९८७मध्ये नव्या मालकाने पुन्हा सुरू केला. मध्ये एक हिवाळा कारखान्याशिवाय गेला. तिथल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले आर्डेन पोप, जे डॉक्टर नव्हेत तर अर्थशास्त्राचे प्राध्यापक, यांनी साधं काम केलं: दवाखान्यांची नोंदवही काढली आणि मुलं श्वसनाच्या आजारांनी किती दाखल झाली ते बंदच्या हिवाळ्यात आणि आधी-नंतरच्या हिवाळ्यांत मोजलं. कारखाना चालू असताना दम्याने आणि ब्राँकायटिसने दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंदच्या हिवाळ्याच्या दोन-तीन पट होती. हा अभ्यास १९८९मध्ये आला. पुढे सूक्ष्म कणांचे नियम ठरवण्याच्या वादात तो पुन्हापुन्हा पुढे आला, कारण त्यात हवामान बदललं नव्हतं, माणसं बदलली नव्हती, फक्त कारखान्याचं दार बंद झालं होतं.

आमोणे वाचताना मला युटा आठवते आणि युटा वाचताना आमोणे. तेवढीच दरी, तेवढंच लोखंड, आणि तोच पेच: कारखाना बंद पडला तेव्हा तिथल्याही हजारो घरांत पगार थांबला होता.

म्हणून खाण हवी की हवा, या वादात उतरायला मी तयार नाही. आमच्या घरात दोन्ही बाजू एकाच पाटावर जेवायला बसतात. काकांच्या ट्रकच्या हप्त्यातून त्यांच्या मुलाची इंजिनिअरिंगची फी गेली आणि काकूंच्या फुप्फुसात त्याच ट्रकची धूळ गेली. २०१९ या एका वर्षात भारतात हवेच्या प्रदूषणाशी निगडित १६ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज लॅन्सेटच्या नियतकालिकात डिसेंबर २०२०मध्ये आला. त्यात घरातल्या चुलीचा धूरही धरलेला आहे. एवढा आकडा वाचून माणूस सुन्न होतो आणि मग काहीच करत नाही. मला त्यापेक्षा लहान प्रश्न जास्त कामाचे वाटतात. ट्रक सांडतो तो कुठल्या वळणावर? ताडपत्री बांधतात की नुसती टाकतात? खाणीच्या फाटकावर चाकं धुतली जातात का? रस्ता पाण्याने भिजवतात तेव्हा ते पाणी दुपारच्या उन्हात किती वेळ टिकतं, आणि वाळल्यावर तोच चिखल पीठ होऊन उडतो का? झाडून उचलणारं यंत्र आणि नुसतं पाणी मारणारा टँकर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण कागदावर दोघांनाही 'धूळ नियंत्रण' म्हणतात. खनिज वाहतुकीसाठी गावाबाहेरून वेगळा रस्ता हवा ही मागणी तर जुनीच आहे. वरच्या हिशोबाने पाहिलं तर जाड धुळीच्या बाबतीत रस्ता दोनशे मीटर सरकवला तरी कितीतरी घरं सुटतात. यातली कुठलीच गोष्ट करायला खाण बंद पडावी लागत नाही.

हे आत्ता लिहिण्याचं कारण असं की चालू-बंदच्या या मालिकेत आता पुन्हा 'चालू' आलं आहे. डिसेंबर २०२२मध्ये गोव्यातल्या पहिल्या चार खाणक्षेत्रांचा लिलाव झाला आणि २०२४मध्ये डिचोलीतलं पहिलं क्षेत्र सुरू झालं. मधल्या काळात जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२१मध्ये आपली पीएम २.५ची वार्षिक शिफारस १०वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपली मर्यादा २००९पासून ४० आहे.

युटाच्या प्राध्यापकांना दोन गोष्टी हाताशी मिळाल्या होत्या, हवेच्या नोंदी आणि दवाखान्याची वही. आमच्याकडे हवेच्या नोंदी १०४ का होईना, पण आहेत. त्या सुट्या तक्त्यात हाती आल्या तर २०१२, २०१८ आणि २०२०च्या पायऱ्या दिसतात की नाही हे तपासणं, माझ्यासारख्या कुणाहीसाठी, दोन रविवारांचं काम आहे. दुसरी वही घराघरांत विखुरलेली आहे. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतले जे वाचक असतील त्यांनी घरातल्या जुन्या फायली एकदा चाळाव्यात: मुलाला पहिल्यांदा पंप कधी लिहून दिला, आजीचा खोकला कुठल्या वर्षी उठला नाही, नेब्युलायझर कधी विकत घेतला आणि कधी माळ्यावर टाकला. नाव-गाव कुणाला सांगायची गरज नाही, तारीख आणि घरापासून ट्रकच्या रस्त्यापर्यंतची पावलं एवढंच एका वहीत लिहून ठेवावं. काकूंनी आपली पावलं मोजली आहेत. अकरा.